चमकीवालीचा डावा कान

माझ्यामुळे भाऊंनी चष्मा बदलला. नंबर वाढला नव्हता, दुकानदाराने तपासून तसं सांगितलंही होतं. पण भाऊ त्याला म्हणाले, "असू दे, थोडा वाढवूनच द्या. हात चुकायला लागलाय माझा."

हात चुकला नव्हता. चुकले होते मी, आणि नवा चष्मा नाकावर घेऊन भाऊ कामाला आले त्या सकाळी मला ते माहीत होतं.

भाऊ आमच्या लॅबमध्ये मोल्ड घासतात. ज्या मुलांना ऐकायला मशीन लागतं, त्यांच्या कानात बसणारा मऊ, पारदर्शक तुकडा म्हणजे मोल्ड. प्रत्येक कानाचा वेगळा. क्लिनिकमध्ये मुलाच्या कानात लगदा भरून माप घेतात. ते घट्ट झालं की आमच्याकडे येतं. आम्ही ते स्कॅन करतो, कॉम्प्युटरवर नीट करून थ्रीडी प्रिंटरवर छापतो, आणि मग भाऊ फिरत्या चाकावर त्याच्या कडा घासतात, वर लॅकरचा, म्हणजे चकचकीत लेपाचा, हात देतात आणि म्हणतात, "जिभेवर ठेवला तरी टोचणार नाही." ते खरंच जिभेवर ठेवून बघतात की काय, अशी मला बरेच दिवस शंका होती.

मोल्ड कानात गच्च बसावा लागतो. सैल राहिला तर मशीनचा आवाज फटीतून बाहेर पडतो, पुन्हा मशीनमध्येच शिरतो आणि शिट्टी वाजायला लागते; कानाशी हात किंवा उशी आली की आणखी जोरात. शिवाय मुलांचे कान वाढतात. चपला लहान होतात तसे मोल्ड लहान होतात, म्हणून दर काही महिन्यांनी नवं माप, नवा मोल्ड.

पिल्लू, म्हणजे माझा मुलगा, रांगायला लागला तशी मी ही नोकरी धरली. पाळणाघर दोन गल्ल्या पलीकडे, काम बसून करायचं, लॅबच्या मालकीण मॅडम समजूतदार. मी मात्र तेव्हापासून एक खूळ लावून घेतलं. रोज संध्याकाळी पिल्लूच्या मागे जाऊन टाळी वाजवायची आणि तो वळतो का बघायचं. नवरा म्हणायचा, "त्याला वाटत असेल, आपली आई सारखी कुणाचं तरी अभिनंदन करत असते." मी हसायचे, आणि पुन्हा एकदा वाजवून बघायचे.

लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये मापांच्या फाइली होत्या, आणि त्यांची नावं वाचली की हसावं की रडावं कळायचं नाही. माझ्या आधीच्या मुलीने ती मनाला येईल तशी दिली होती. 'डावा'. 'डावा नवीन'. 'डावा नवीन फायनल'. 'हाच घ्या'. एकीचं नाव नुसतंच 'अरे देवा' होतं. एका मोठ्या फोल्डरमध्ये क्लिनिकांचे फोल्डर, त्यांच्यात मुलांचे, मुलाच्या फोल्डरमध्ये बऱ्याचदा 'जुने' नावाचा आणखी एक, आणि कुठे कुठे त्या 'जुने'च्या पोटात 'खूप जुने'. एखादा मोल्ड हरवला म्हणून कुणाची फाइल शोधायची वेळ आली की अर्धी सकाळ त्यात जायची.

"तू शिकलेली आहेस," मॅडम म्हणाल्या. "या उकिरड्याचं काहीतरी कर."

पदवीला कॉम्प्युटर घेतला होता त्याचं इतक्या दिवसांनी कुणीतरी नाव काढलं. मला बरं वाटलं. मी स्क्रिप्ट लिहायला घेतली, म्हणजे कॉम्प्युटरने एकामागून एक पाळायच्या आज्ञांची यादी. तिचं म्हणणं साधं होतं. फोल्डर उघड. आत फाइल असेल तर तिला ठरलेल्या पद्धतीचं नाव दे: क्लिनिक, मूल, कोणता कान, कोणती तारीख. आत आणखी फोल्डर असेल तर त्यातही शिर आणि हेच कर. त्याच्या आत असेल तर तिथेही. तळ लागला की वर ये आणि सगळ्या फाइली त्या त्या मुलाच्या फोल्डरमध्ये एकत्र ठेव. 'जुने' नको, 'खूप जुने' नको. तारीखच सांगेल जुनं काय आणि नवं काय. तारीख मी कुठून घेतली? प्रत्येक फाइलवर कॉम्प्युटरने जी घातलेली होती, ती.

आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवायची, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी काढायला बसलेही होते. डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा म्हटलं, उद्या मोठी डिस्क मागू.

आणि मग उद्यापर्यंत मला धीर निघाला नाही. स्क्रिप्ट चालू केली. ती थोडं चालायची आणि थांबून विचारायची: या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? पहिल्यांदा मी दोन्ही फाइली उघडून बघितल्या. 'डावा' आणि 'डावा फायनल', अगदी एकच. दुसऱ्यांदाही तेच. मी 'हो' म्हटलं. ती पुन्हा थांबली, तिने पुन्हा विचारलं. एवढ्यात पाळणाघरातून फोन आला, पिल्लूचं अंग कोमट लागतंय, लवकर येता का. मी पर्स खांद्याला अडकवली, वाकून स्क्रिप्टमध्ये एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ, विचारू नकोस, उत्तर 'हो'च आहे.

मग ती पाण्यासारखी चालली. मी दिवा घालवून निघाले.

पिल्लूला काही झालं नव्हतं, दात येत होता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एका मुलाची फाइल मागितली आणि मी ती क्षणात काढून दिली, तर त्या माझ्याकडे जादूगाराकडे बघावं तशा बघत राहिल्या. संध्याकाळी थोडं लवकर निघायची परवानगी मला त्या दिवशी मिळाली. भाऊ मला 'कॉम्प्युटरबाई' म्हणायला लागले. त्यात थट्टा होती, पण थोडा मानही होता, आणि मला तो आवडला. इतका आवडला की मीच म्हणाले, "मॅडम, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये जागच्या जागी आहे. क्लिनिकमधून आलेल्या या घट्ट मापांची खोकी कशाला ठेवायची? कपाट अडून राहिलंय."

मॅडमनी खोकी काढून टाकली. त्या कपाटात आता आमचे डबे असतात.

चमकीवालीला आम्ही सगळे ओळखायचो. नावाने नव्हे. ती शाळेत जायला लागायच्या वयाची मुलगी, आणि तिला मोल्डमध्ये चमकी लागायची. साधा पारदर्शक दिला की ती तो खिडकीतून टाकायची. भाऊ तिच्यासाठी चमकीची वेगळी बाटली ठेवायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तिच्या आईचा फोन आला की घरच्या कुत्र्याने डावा मोल्ड चावून टाकलाय. "माप आहे ना तुमच्याकडे? पुन्हा घ्यायला नको ना? ती फार रडते हो त्या वेळी."

"अजिबात नको," मी म्हणाले. "फाइल आहे." आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मोल्ड गेला आणि परत आला. शिट्टी वाजते. आम्ही दुसरा छापला. भाऊंनी घासला, चमकी घातली. तोही परत आला. क्लिनिकच्या ताई फोनवर म्हणाल्या, माप घेऊन फार दिवस झालेले नाहीत, एवढ्यात कान एवढा वाढणार नाही, तुमच्याकडेच काहीतरी होतंय. मुलीने आता मशीन घालायचंच सोडलंय, तिचं बोलणं नुकतं कुठे वाक्यांवर आलं होतं.

मॅडमनी फोन ठेवला आणि भाऊंच्या टेबलापाशी गेल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भाऊ, घासताना हात जड पडतोय का तुमचा?"

भाऊंनी मोल्ड उजेडात धरला. बराच वेळ फिरवून बघितला. "मी तर फुंकर घातल्यासारखा हात लावला होता," ते म्हणाले. मग हळूच, "निदान मला तरी तसं वाटलं होतं."

"तिसरा छापायला लावते. या वेळी घासूच नका, नुसता लॅकर द्या."

तो तिसरा छापायचं काम माझ्याकडे आलं. जेवायची सुट्टी होती, एका हाताने खात मी फाइल उघडली. काय वाटलं कोण जाणे, उजव्या कानाचीही उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. माणसाचे दोन कान आरशातल्यासारखे असतात, उन्नीस-बीस. इथे उजवा होता त्या मुलीचा, आणि डावा होता एखाद्या तान्ह्या बाळाचा. एकटा बघून कुणाला कळलं नसतं, आमच्याकडे तान्ह्यांचेही रोज येतात.

घास तोंडातच राहिला. चमकीवालीला आधी एकच मशीन लागलं होतं, डाव्या कानाला, ती अगदी लहान असताना. उजवं पुढे आलं. म्हणजे 'जुने'मध्ये एकटा डावा होता. मी दोन्हींच्या तारखा बघितल्या. एकच तारीख. मी दुसऱ्या मुलाची फाइल उघडली, तिसऱ्याची. तीच तारीख. मग आठवलं. मी यायच्या आधी सगळ्या फाइली जुन्या कॉम्प्युटरवरून या कॉम्प्युटरवर आणल्या होत्या, आणि ज्या दिवशी आणल्या त्या दिवसाची तारीख कॉम्प्युटरने सगळ्यांना घालून टाकली होती. बाळाचं माप आणि मोठ्या मुलीचं माप, दोन्हींची तारीख एक, म्हणून दोन्हींचं नाव एक. स्क्रिप्ट वरून खाली गेली. आधी नवीन माप, मग 'जुने'. जुन्याला नाव देताना तिने तेच नाव आधी कुणाला तरी दिलेलं पाहिलं असणार. तिने विचारलं असतं. मीच सांगून गेले होते, विचारू नकोस.

ज्या ज्या मुलाचं माप एकाहून अधिक वेळा घेतलं होतं, त्या प्रत्येकाचं नवं माप मी त्याच्याच जुन्या मापाखाली पुसून टाकलं होतं. जुना कॉम्प्युटर कधीच रिकामा करून कुणाला तरी देऊन टाकलेला होता. खोकी मी फेकायला लावली होती. त्यांच्या कपाटात आता माझा डबा राहत होता.

समोरच्या टेबलावर भाऊ चाकाशी बसले होते. चाक बंद होतं. एक वाया गेलेला मोल्ड घेऊन ते त्यावर डोळे मिटून अंगठा फिरवत होते. उघडून बघायचे, पुन्हा मिटायचे. स्वतःच्याच हाताची परीक्षा घेत होते.

मला तेव्हाच उठायला हवं होतं. पाच पावलं नव्हती मध्ये. मी तिसऱ्या मोल्डची छपाई पुढे ढकलली, मॅडमना म्हटलं छपाईच्या मशीनला आज काहीतरी झालंय, आणि संध्याकाळी रोजच्या वेळेला, म्हणजे मिळालेल्या सवलतीच्या वेळेला, पर्स उचलली. निघताना भाऊ मॅडमना सांगत होते, "उद्यापासून मी पॅकिंगला बसतो. लहान पोरांची कामं आहेत ही, उगाच एखाद्याच्या कानाला इजा व्हायची." मी पायरी उतरत होते. मी ऐकलं आणि उतरत राहिले.

घरी पिल्लूच्या मागे जाऊन टाळी वाजवली. तो वळला, हसला, दोन दात दिसले. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसले. नवऱ्याने कारण विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, "मग तू त्यांना काय म्हणालीस?"

"काही नाही."

माझ्या पायाशी आलेल्या पिल्लूला त्याने उचलून स्वतःकडे घेतलं, सहजच घेतलं असेल. मला ते सहज वाटलं नाही.

सकाळी भाऊ नवा चष्मा घालून आले. पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन बसायच्या आधी आपल्या चाकापाशी क्षणभर थांबले, त्यावरची नसलेली धूळ पुसली. मॅडम आत येत होत्या.

"मॅडम, भाऊंचा हात चुकलेला नाही," मी म्हणाले. "फाइल चुकीची आहे. मी केलीय चुकीची."

मग सगळं सांगितलं. सांगताना कळलं, किती थोडक्यात सांगता येतं ते. कालच्या दुपारचंही सांगितलं. मॅडमनी ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे काल मशीनला काही झालं नव्हतं."

"नाही."

"आणि भाऊ पॅकिंगचं बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "खोकी फेकायला निघाले तेव्हा माझा हात अडखळला होता. म्हटलं, ही शिकलेली आहे." त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "तरीच म्हटलं," ते म्हणाले, "हा घातल्यापासून भिंत अंगावर येतेय." मॅडमना हसू आलं. मलाही आलं असतं. पण भाऊ माझ्याकडे वळले. "कॉम्प्युटरबाई, काल रात्री मी जेवताना हात थरथरतो का म्हणून बघत होतो. बायकोलाही बघायला बसवलं. ती बिचारी घाबरली." एवढंच बोलले आणि चाकाशी जाऊन बसले. त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस ते मला 'कॉम्प्युटरबाई' म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. काम असलं की "अहो" म्हणायचे.

"फोन तू करायचेस," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना. आणि चमकीवालीच्या वेळी क्लिनिकमध्ये तू जायचंस."

मी फोन केले. माप पुन्हा घ्यावं लागेल, आमच्याकडून फाइल खराब झाली. 'आमच्याकडून' म्हणायची मुभा मॅडमनीच दिली होती, आणि मी ती घेतली. बहुतेक आया 'बरं' म्हणाल्या. त्यांना सवय असते कुठेतरी पुन्हा जायची.

क्लिनिकच्या खोलीत चमकीवाली खुर्चीच्या मागे जाऊन लपली होती. क्लिनिकने पाठवलेल्या फोटोत वाटायची त्याहून बारीक होती. डाव्या कानात काही नव्हतं. ताईंनी तिला आईच्या मांडीवर बसवलं, कानात स्पंजचा छोटा तुकडा सरकवला आणि मोठ्या पिचकारीतून गुलाबी लगदा भरायला घेतला. लगदा घट्ट होईपर्यंत डोकं हलायला नको. आई तिचे हात धरून होती, म्हणून डोकं मी धरलं. माझ्या दोन्ही तळव्यांमध्ये तिचा जबडा होता, आणि तिच्या ओरडण्याने माझी मनगटं हादरत होती. तिने माझ्याकडे बघितलं. आता ही मला कायम ओळखणार, मी मनात म्हटलं.

माप निघालं. आई तिचे डोळे पुसत मला म्हणाली, "तुम्ही मुद्दाम आलात, बरं वाटलं. लॅबमधून कुणी येतं का कधी."

मग मला 'आमच्याकडून' वर राहता येईना. "मी आलेय कारण चूक माझी आहे. तुमच्या मुलीचं माप माझ्या हातून पुसलं गेलं. त्या दोन्ही वेळी तिच्या कानात तिच्याच तान्हेपणीच्या मापाचा मोल्ड होता. ती तो काढून टाकत होती ते बरोबर होतं. तो बसतच नव्हता."

ती पुसता पुसता थांबली. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. ती लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"मी तिला मारलं हो," ती म्हणाली. "काढून फेकायची म्हणून. एकदा शाळेच्या दारात, सगळ्यांसमोर. आणि तिला जवळ घेतलं ना, की ती शिट्टी आणखी जोरात वाजायची. मग ती मला ढकलायची. मला वाटलं, हट्टीपणा आहे."

'माफ करा' हा शब्द तोंडाशी येऊन परत गेला, तो तिथे फार हलका पडला असता. तिने पिशवी उचलली, मुलीला कडेवर घेतलं. कडेवर घ्यायचं वय सरलं होतं तिचं, पाय लोंबत होते.

मी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता ती आधी फक्त दाखवते, काय काय करणार ते, आणि कशालाही हात लावत नाही. दोन नावं एक झाली की तिथेच अडते आणि माणूस येईपर्यंत अडून राहते. कुणाला घाई असली तरी. कपाट मी रिकामं केलं, डबे खिडकीत गेले, आणि नवी मापं पुन्हा खोक्यांत राहायला लागली. संध्याकाळी लवकर निघायचं मी आपणहून सोडलं. पाळणाघरातल्या बाई कुरकुरतात, पण थांबतात.

चमकीवालीचा मोल्ड मी छापला आणि भाऊंच्या टेबलावर ठेवला. भाऊंनी जुना चष्मा लावला होता. त्यांनी कडा घासल्या, चमकीच्या बाटलीचं झाकण उघडलं, नेहमीपेक्षा जास्त टाकली. तयार झाल्यावर डबीत घालून माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच न्या," म्हणाले.

ताईंनी मोल्ड कानात बसवला, मशीन चालू केलं. मुलगी खांदे कानापर्यंत उचलून बसली होती, जशी मुलं फटाका फुटायच्या आधी बसतात. शिट्टी आली नाही. तिचा विश्वास बसेना. तिची आई खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पसरले, पण स्वतःहून ओढून घेतलं नाही. मुलगी हळूच पुढे आली, थांबली, डावा कान आईच्या गळ्यापासून जरा लांब धरून तिच्या कुशीत शिरली. आणि मग, अगदी सावकाश, कान टेकवला.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. आई काहीतरी कुजबुजली, आणि मुलीने मान हलवली.

मी भिंतीशी उभी होते, हातात रिकामी डबी. तिने आईच्या खांद्यावरून मला बघितलं आणि ओळखलं. लगेच दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकून घेतलं. मी मान खाली घातली आणि दार वाजणार नाही असं ओढून बाहेर आले.